पुन्हा बसवण्याचा हक्क

१४ ऑक्टोबर २०२५ या दिवशी मायक्रोसॉफ्ट कंपनीने विंडोज १० या प्रणालीची आणि तिच्याचबरोबर ऑफिस २०१६ व ऑफिस २०१९ या दोन संचांची नेहमीची देखभाल थांबवली. बातमी वृत्तपत्रांतून आली आणि दोन दिवसांत विरून गेली. ज्यांच्या मेजावर नवे संगणक आहेत त्यांना तिचे सोयरसुतक असण्याचे कारण नव्हते. आणि ज्यांच्या मेजावर जुने आहेत त्यांना १५ तारखेच्या सकाळी काहीच बदललेले दिसले नाही. पत्रे टाइप होत होती, तक्ते उघडत होते, प्रिंटर कुरकुरत का होईना, चालत होता. अशा बातमीचा अर्थ ती छापून येते त्या दिवशी कळत नाही. तो पुढे केव्हातरी कळतो. एखाद्या ऐन गर्दीच्या दिवशी संगणक अडून बसतो आणि दुरुस्तीला आलेला तरुण मान हलवून सांगतो की, ऑफिस पूर्ण काढून पुन्हा टाकावे लागेल.

हे वाक्य आपल्या शाळा-महाविद्यालयांच्या कार्यालयांत, पतसंस्थांत आणि ग्रामपंचायतींत इतके सरावाचे झाले आहे की, त्यात काही प्रश्न दडला आहे असे कोणाला वाटतही नाही. प्रश्न मात्र आहे, आणि तो तंत्रज्ञांचा नसून ग्राहकाचा व नागरिकाचा आहे. पैसे मोजून घेतलेली वस्तू बिघडली असता ती मोडून पुन्हा उभी करण्याचा अधिकार घेणाऱ्याला आहे की नाही? सॉफ्टवेअर चालू असते तोवर हा प्रश्न उद्भवत नाही. ते चालू असते तोवर ते आपलेच वाटते. ते काढले आणि पुन्हा बसवण्यासाठी हात पुढे केला, की आपण नेमके काय विकत घेतले होते याचा निवाडा त्या घटकेला होतो.

काम वरकरणी साधे आहे. कंट्रोल पॅनेलमध्ये जावे, यादीतले नाव निवडावे, काढण्याची आज्ञा द्यावी, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि डिस्क आत सारावी. प्रत्यक्षात हा संच जुन्या भाडेकरूसारखा वागतो. जागा सोडतो, पण माळ्यावरचे सामान आणि दारावरची पाटी तशीच ठेवून जातो. विंडोजच्या रजिस्ट्री नावाच्या नोंदवहीत त्याच्या नोंदी शिल्लक राहतात. परवान्याची नोंद वेगळीकडे राहते. वापरणाऱ्याच्या खात्यातल्या एका लपलेल्या फोल्डरमध्ये 'नॉर्मल' नावाचा साचा राहतो, आणि प्रत्येक कोरा कागद वर्ड या साच्यावरूनच काढत असते. पुष्कळदा खरा बिघाड त्या साच्यातच असतो. त्यामुळे दोन तास खर्चून सारे काढले, पुन्हा बसवले आणि वर्ड पहिल्याच पत्राला पूर्वीसारखे कोसळले, असा अनुभव येतो. त्या एका फाइलचे नाव बदलून वर्डला नवा साचा करू दिला असता तर ही सारी उस्तवार टळली असती, हे बहुधा कोणी सांगत नाही. शिवाय ३२ बिटांचा आणि ६४ बिटांचा संच एका संगणकावर एकत्र नांदत नाहीत. जुन्याचा एखादा तुकडा मागे राहिला तरी नवा आत येण्यास नकार देतो. म्हणूनच कंपनीला, आपल्याच सोयीने जे निघत नाही ते काढण्यासाठी, समूळ काढणारे वेगळे साधन प्रसिद्ध करावे लागले. स्वतःच्या हाताने लावलेले गवत उपटायला स्वतःच खुरपे वाटण्याचाच हा प्रकार.

समूळ काढण्यापूर्वी काय वाचवावे याची यादी मात्र लांबलचक असते आणि ती घाईत आठवत नाही. वर्षानुवर्षे वापरलेल्या पत्रांचे साचे, शब्दकोशात भरलेली गावांची व माणसांची नावे, आउटलुकमधील टपाल ज्या एका मोठ्या फाइलमध्ये असते ती फाइल, एक्सेलमधील स्वतः रचलेल्या मॅक्रो. त्यांतले काही काढताना जाते आणि काही जात नाही. कोणते जाईल याचा भरवसा नसतो. तेव्हा आधी प्रत काढावी हाच शहाणपणा. परंतु महाराष्ट्रातल्या कार्यालयांत याहून मोठे संकट वेगळेच असते, आणि ते मराठीचे असते.

संगणकावर मराठी आले ते एका आडवाटेने. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीच्या पहिल्याच, म्हणजे १९९१ सालच्या आवृत्तीत देवनागरीला स्थान होते आणि विंडोज २००० पासून ती विंडोजमध्ये नीट उमटूही लागली होती. तथापि कार्यालयांनी त्याआधीच दुसरी सोय लावून घेतली होती. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम, पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीचे श्रीलिपी, शिवाय आकृती आणि अशीच इतर सॉफ्टवेअरे यांनी दोन दशके मराठी कार्यालये आणि छापखाने चालवले, हे त्यांचे ऋण मान्य केले पाहिजे. परंतु त्यांच्या त्या काळच्या फाँटांची रीत अशी होती की, फाइलमध्ये खरोखर साठवले जात ते रोमन अक्षरांचे व चिन्हांचे संकेत. फाँट त्यांना देवनागरीचे कपडे चढवून पडद्यावर उभे करी. प्रत्येक कंपनीचा शिंपी वेगळा आणि मापही वेगळे. एकाचे मजकूर दुसऱ्याच्या फाँटात वाचता येत नसत.

आता कल्पना करावी की, एखाद्या अनुदानित शाळेच्या कार्यालयात २००४ पासूनचे दाखले, संस्थेच्या सभांचे इतिवृत्त, सेवापुस्तकांतील नोंदींची टिपणे अशा फाँटांत आहेत. संगणक पार पुसून नव्याने बसवला जातो. ऑफिस येते, पण मराठीचे सॉफ्टवेअर येत नाही. कारण त्याला कुलूप म्हणून संगणकाच्या मागच्या खाचेत खोचायचा जो लहानसा ठोकळा मिळाला होता तो तीन मुख्याध्यापकांपूर्वीच गहाळ झालेला असतो, किंवा तो ज्या खाचेत बसे ती खाचच पुढच्या संगणकातून नाहीशी झालेली असते. फाइल उघडते. तिच्यात एक अक्षर कमी झालेले नसते, पण वाचायला एकही अक्षर उरलेले नसते. ओळींमागून ओळी निरर्थक रोमन अक्षरांच्या आणि टिंबांच्या दिसतात. जुने मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत आणि ती बऱ्यापैकी काम करतात. पण रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांच्यापाशी ती अडखळतात, आणि दाखल्यावरच्या आडनावात एक जोडाक्षर चुकले तर त्याचा मनस्ताप त्या मुलाला पुढे पासपोर्ट काढेपर्यंत पुरतो. हे रूपांतर संगणक धडधाकट असताना, फुरसतीने, माणसाच्या डोळ्यांखालून घालून करायचे काम आहे. दुरुस्तीच्या दिवशी ते होत नाही.

एवढे सारे वाचवून झाले तरी खरा अडसर पुढेच उभा असतो. बसवताना पंचवीस अक्षरी किल्ली मागितली जाते. खोका असला तर तिचा पिवळा कागद त्याच्या आत चिकटवलेला सापडतो. संगणकाबरोबरच संच आला असेल तर किल्ली संगणकाच्या अंगावर असते आणि दहा वर्षांच्या हातांनी व पुसण्यांनी ती नाहीशी झालेली असते. किल्ली मिळाली तरी भागत नाही. ऑफिस एक्सपी या २००१ च्या आवृत्तीपासून सर्वसामान्य ग्राहकाच्या संचाला सक्रियतेची पायरी जोडली गेली. संच कंपनीकडे आपली ओळख पाठवतो, कंपनी होकार देते, मग तो पुरा चालतो. होकार आला नाही तर जुन्या आवृत्त्या ठरावीक वेळा उघडतात आणि नंतर केवळ वाचण्यापुरत्या उरतात. संगणकाबरोबर आलेल्या परवान्याचे तर त्या यंत्राशीच सहगमन ठरलेले असते. यंत्र गेले की परवाना गेला. म्हणजे ज्या वस्तूची किंमत पंधरा वर्षांपूर्वी चुकती झाली आहे, ती आपल्याच खोलीत आपल्याच यंत्रावर बसवण्यासाठी पंधरा वर्षांनंतरही विक्रेत्याच्या होकाराची वाट पाहावी लागते. तो होकार देणारी यंत्रणा किती वर्षे चालू ठेवायची हे विक्रेताच ठरवतो.

टंकलेखन यंत्राच्या काळाशी याची तुलना केल्यावाचून राहवत नाही. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकलेखन यंत्र बाजारात आणले आणि पुढची चार दशके त्याच्या खडखडाटावर सरकारी कचेऱ्या चालल्या. यंत्र अडले तर गावातला कारागीर येई, ते पार सुटे करी, रॉकेलने धुई, तेल घाली आणि पुन्हा जोडून देई. त्यासाठी कारखान्याची परवानगी लागत नसे. फीत कोणाचीही चाले. उत्पादन बंद झाल्यानंतरही ती यंत्रे न्यायालयांच्या आवारांत झाडाखाली चालत राहिली. अर्थात गतकाळाचे गोडवे गाण्यात हशील नाही. त्या यंत्राने तक्ता बेरजून दिला नाही आणि एका चुकीसाठी पूर्ण कागद पुन्हा टाइप करायला लावला. मुद्दा एवढाच की, त्या वेळी वस्तू विकली जाई तेव्हा ती खरोखर विकली जाई.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत विक्री झाली की नाही, याविषयी खुद्द व्यापारी जगाचे म्हणणे सोयीनुसार बदलत आले आहे. डिस्कवर भरून विकलेले तयार सॉफ्टवेअर हा 'माल' आहे की नाही, हा वाद आंध्र प्रदेशच्या विक्रीकरावरून सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीचे म्हणणे होते की, तो माल नव्हे, ती बौद्धिक, अमूर्त गोष्ट आहे. न्यायालयाने ५ नोव्हेंबर २००४ रोजी ते अमान्य केले. असे सॉफ्टवेअर माल आहे आणि त्यावर विक्रीकर लागतो असा निर्णय दिला. पुढे आयकराचा प्रश्न आला. परदेशी कंपनीला सॉफ्टवेअरपोटी दिलेली रक्कम स्वामित्वधन मानून तिच्यावर कर कापायचा की नाही, या वादात करदात्या कंपन्यांनीच उलटी बाजू मांडली: हा तर मालाच्या विक्रीचा मोबदला! २ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बाजू मान्य केली. सारांश, कर चुकवायचा झाला की तो माल नव्हे, आणि दुसरा कर टाळायचा झाला की तो मालच. फक्त शेवटच्या ग्राहकापुढे मात्र, बसवताना 'मला मान्य आहे' असे बटण दाबायला लावून ज्या लांबलचक कराराला त्याची संमती घेतली जाते त्यात, स्वच्छ म्हटलेले असते की, हे सॉफ्टवेअर विकलेले नाही, वापरण्याची परवानगी दिली आहे.

आपला कॉपीराइट कायदा या ग्राहकाला अगदीच वाऱ्यावर सोडत नाही. १९५७ च्या या कायद्याच्या ५२व्या कलमात अशी तरतूद आहे की, संगणक सॉफ्टवेअरची प्रत ज्याच्या कायदेशीर ताब्यात आहे त्याला ते ज्या हेतूने दिले गेले त्या हेतूसाठी, तसेच हरवणे, नष्ट होणे किंवा बिघडणे यांपासून रक्षण म्हणून, प्रती काढता येतात. कायद्याने दिलेला हा अधिकार सक्रियतेच्या पायरीपाशी निरुपयोगी होतो. डिस्कची प्रत असते, किल्ली असते, पावती असते. नसतो तो फक्त होकार.

कंपन्या असे का करतात याचे उत्तर दुष्टपणात शोधण्याची गरज नाही. ते अर्थशास्त्रात आहे. रोनाल्ड कोज या अर्थशास्त्रज्ञांनी १९७२ साली एका छोट्या निबंधात टिकाऊ वस्तूच्या मक्तेदाराची कोंडी मांडली. त्यांनी उदाहरण घेतले होते जमिनीचे. सारी जमीन एकाच्याच मालकीची असली तरी, आज थोडी विकल्यानंतर उद्या उरलेली स्वस्तात विकण्याचा मोह त्याला होणार हे गिऱ्हाईक ओळखते, आणि आज चढा भाव देत नाही. टिकाऊ वस्तू विकणाऱ्याचा सर्वांत कडवा प्रतिस्पर्धी म्हणजे तो स्वतःच. यातून सुटण्याचे मार्गही कोज यांनी सांगितले: वस्तू विकण्याऐवजी भाड्याने द्यावी, किंवा तिचा टिकाऊपणा कमी करावा. सॉफ्टवेअर तर टिकाऊपणाची परमावधी आहे. ते झिजत नाही, गंजत नाही. २००७ सालच्या वर्डमध्ये लिहिलेला अर्ज आजही तितकाच सुबक छापला जातो. शाळेच्या कार्यालयाला जे करायचे असते ते सारे त्या संचात होते. किंबहुना त्याच्या पूर्वीच्या संचातही होते. तेव्हा नव्या आवृत्तीचा खरा स्पर्धक दुसरी कंपनी नव्हे, तर कपाटातली जुनी डिस्क. त्या डिस्कचे आयुष्य संपवल्याशिवाय नवी आवृत्ती खपत नाही. मायक्रोसॉफ्टने २०११ मध्ये व्यवसायांसाठी आणि जानेवारी २०१३ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी ऑफिस ३६५ ही वर्गणीची योजना आणली, ती कोज यांच्या पहिल्या मार्गाचे पाठ्यपुस्तकी उदाहरण होय. देखभालीच्या मुदती हा दुसरा मार्ग. ऑफिस २००७ ची मुदत १० ऑक्टोबर २०१७ ला संपली, २०१० ची १३ ऑक्टोबर २०२० ला, २०१३ ची ११ एप्रिल २०२३ ला.

यावर कंपन्यांचे एक उत्तर आहे आणि ते पोकळ नाही. जुने सॉफ्टवेअर झिजत नसले तरी ते असुरक्षित होते. त्याचे उत्तम उदाहरण शिक्षकांच्या परिचयाचे आहे. गणिताच्या प्रश्नपत्रिका तयार करताना वर्डमधले इक्वेशन एडिटर नावाचे उपसाधन वर्षानुवर्षे वापरले गेले. त्याची मूळ फाइल २००० साली बनलेली होती आणि तीच पुढच्या आवृत्त्यांतून वाहत आली. नोव्हेंबर २०१७ मध्ये तिच्यातील एक गंभीर छिद्र उघडकीस आले. नुसती फसवी फाइल उघडली तरी संगणकाचा ताबा दुसऱ्याच्या हाती जावा असे. दुरुस्तीवर दुरुस्ती करण्याऐवजी कंपनीने जानेवारी २०१८ मध्ये ते साधनच काढून टाकले. परिणाम असा की, जुन्या प्रश्नपत्रिकांतली समीकरणे दिसत राहिली, पण बदलता येईनाशी झाली. आता गंमत अशी की, जुन्या डिस्कवरून संच पुन्हा बसवला की ते साधन परत येते, प्रश्नपत्रिका पुन्हा दुरुस्त करता येतात, आणि छिद्रही परत येते. डिस्कवर असतो तो संच जन्माच्या दिवशीचा. नंतरच्या वर्षांत त्याला जे ठिगळ लागले ते डिस्कवर नसते. ऑफिस २०१० ला दोन आणि ऑफिस २००७ ला तीन मोठे दुरुस्ती-संच निघाले होते. ते ज्याने जपून ठेवले नाहीत त्याने पुन्हा बसवलेला संगणक इंटरनेटला जोडणे म्हणजे दार उघडे टाकून गावाला जाणे.

हे सारे मान्य केले तरी त्यातून निघते ते एवढेच की, कंपनीने अनंत काळ नवे ठिगळ लावत बसावे अशी अपेक्षा रास्त नाही. शेवटचे ठिगळ लावलेला संच ग्राहकाच्या हाती न देण्याचे समर्थन त्यातून निघत नाही. देखभाल थांबवणे ही एक गोष्ट, आणि पुन्हा बसवण्याची वाट आपल्या होकारावर टांगून ठेवणे ही दुसरी. पहिली व्यवहाराची गरज असेल, दुसरी नाही. इंटरनेटला न जोडलेल्या संगणकावर दाखले छापणाऱ्या कार्यालयाला त्या छिद्राची भीती फारशी नसते, आणि पेन ड्राइव्हमधून येणारा धोका जपायचा असतो तो त्याने जपावा. तो निर्णय त्याचा आहे.

होकाराच्या या अडसराचा एक दुष्परिणाम नैतिक आहे आणि त्याकडे काणाडोळा करण्यात अर्थ नाही. किल्ली सापडत नाही, परीक्षा तोंडावर आहे, मुख्याध्यापक हातघाईवर आले आहेत. अशा वेळी दुरुस्तीवाला खिशातून पेन ड्राइव्ह काढतो आणि 'सगळे चालू होईल' असे आश्वासन देतो. होतेही. कुलूप तोडलेली प्रत बसते, आणि तिच्याबरोबर कोणकोणते पाहुणे येतात हे त्या पेन ड्राइव्हच्या मालकालाही ठाऊक नसते. ज्या कार्यालयाने एकदा रीतसर पैसे भरले होते ते त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने चोर ठरते. चोरट्या प्रतींविषयी कंपन्यांनी केलेला आक्रोश खोटा नसतो; पण त्यांतल्या काही प्रती प्रामाणिक गिऱ्हाइकाला कोपऱ्यात लोटल्यामुळे जन्माला येतात, हेही तितकेच खरे.

दुसरा मार्ग अशक्य आहे असेही नाही. अॅडोबी कंपनीने आपल्या क्रिएटिव्ह सूट २ या जुन्या संचाला सक्रियता देणारी यंत्रणा बंद केली तेव्हा, जानेवारी २०१३ मध्ये, परवानाधारकांसाठी होकाराची गरज नसलेली प्रत व तिची किल्ली उपलब्ध करून दिली होती. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ऑफिस २०१३ चा किरकोळ विक्रीचा परवाना पहिल्या संगणकाशी कायमचा जखडून टाकला होता. ग्राहकांनी ओरड केली आणि मार्चमध्ये कंपनीने माघार घेऊन तो दुसऱ्या संगणकावर नेण्याची मुभा दिली. म्हणजे ओरड केली तर ऐकू जाते. युरोपीय संघाच्या न्यायालयाने ३ जुलै २०१२ रोजी ओरॅकल कंपनीच्या प्रकरणात असे ठरवले की, बेमुदत वापरासाठी एकरकमी मोबदला घेऊन दिलेली सॉफ्टवेअरची प्रत ही विक्रीच होय, करारात तिला काहीही म्हटलेले असो. कॅलिफोर्नियात २०२५ च्या आरंभापासून असा कायदा लागू आहे की, डिजिटल वस्तूचा केवळ परवाना द्यायचा असेल तर ते ग्राहकाला स्पष्ट सांगितल्याशिवाय 'विकत घ्या' असे शब्द वापरता येत नाहीत. आपल्याकडे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने 'अनुचित करार' ही संकल्पना आणली आणि अशा करारांविरुद्ध राज्य व राष्ट्रीय आयोगांकडे दाद मागण्याची सोय केली. एकरकमी किंमत घेऊन पुन्हा बसवण्याचा होकार हाती ठेवणारा करार या व्याख्येत बसतो की नाही हे ठरवून घेण्यासाठी एखाद्या शिक्षक संघटनेने वा ग्राहक पंचायतीने पुढे यायला हरकत नाही. एकेकट्या मुख्य लिपिकाच्या आवाक्यातले ते काम नव्हे.

शासनाने काय करावे हा प्रश्न त्याहून अवघड आहे, कारण या बाजारात शासन हे केवळ पंच नाही; सर्वांत मोठे गिऱ्हाईक आहे आणि गिऱ्हाइके घडवणारेही आहे. महाराष्ट्रात शासकीय नोकरीसाठी संगणक येत असल्याचे प्रमाणपत्र लागते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने खेड्यापाड्यांतल्या लाखो मुलामुलींना संगणकाला हात लावण्याची पहिली संधी दिली, हे त्याचे श्रेय मोठे आहे. पण त्यांनी जे शिकले ते प्रामुख्याने विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस. संगणक म्हणजे वर्ड आणि एक्सेल असे समीकरण त्यातून रुजले. केरळने आपल्या शाळांत मुक्त सॉफ्टवेअरची वाट धरली. तिथल्या शाळेत संगणक पार पुसून पुन्हा उभा करायचा झाला तर किल्लीचा पिवळा कागद शोधावा लागत नाही.

मुक्त संचाची ही जमेची बाजू फुकटपणापेक्षा मोठी आहे. लिब्रेऑफिस हा संच २०१० मध्ये ओपनऑफिसमधून फुटून निघाला. त्याची फाइल एकदा पेन ड्राइव्हवर घेतली की कितीही संगणकांवर, कितीही वेळा, कोणालाही न विचारता बसवता येते. त्याच्या जुन्या आवृत्त्याही संग्रहात जपून ठेवलेल्या आहेत, त्यामुळे जुन्या यंत्राला झेपेल अशी आवृत्ती निवडता येते. मराठीतला पडदाही त्यात मिळतो. त्याच्या अडचणीही सांगितल्या पाहिजेत. वर्डमध्ये बेतून केलेला तक्ता त्यात सरकतो, एक्सेलच्या मॅक्रो सगळ्याच चालतात असे नाही, आणि दहा वर्षे एकाच जागी बटण दाबणाऱ्या हाताला नवी जागा शिकवायला काही आठवडे जातात. वरच्या कार्यालयातून येणारा नमुनाच वर्डचा असेल तर खालच्या कार्यालयाने एकट्याने शूरपणा करून उपयोग होत नाही. म्युनिक शहराने २००३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये तो फिरवला. त्याच जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने २०२४ मध्ये लिब्रेऑफिसकडे जाण्याचे ठरवले. वाट सरळ नाही, एवढे त्यावरून कळते.

आपल्या केंद्र सरकारची कागदोपत्री भूमिका खरे तर पुष्कळ पुढची आहे. नोव्हेंबर २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी मुक्त मानकांचे धोरण ठरले. २०१५ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे आणि ते न घेतल्यास कारण नोंदवण्याचे धोरण आले. त्याआधी, मायक्रोसॉफ्टने पुढे केलेल्या फाइल-मानकाविरुद्ध भारताने २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेत मत दिले आणि ते मंजूर झाल्यावर ब्राझील, दक्षिण आफ्रिका व व्हेनेझुएला यांच्याप्रमाणे अपीलही केले होते. अपील फेटाळले गेले. एवढे करून शासकीय संकेतस्थळांवरचे अर्ज आणि नमुने बव्हंशी वर्डच्याच फाइलींत येत राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने आपल्या अधिकाऱ्यांना झोहो या भारतीय कंपनीचा कार्यालयीन संच वापरण्याची सूचना केली. स्वदेशी उद्योगाला काम मिळते याचा आनंदच आहे. परंतु तो संच कंपनीच्या सर्व्हरवर चालतो. तो कार्यालयाने काढूही नये आणि बसवूही नये, अशीच त्याची रचना आहे. घरमालक आपल्या गावचा झाला म्हणून भाडेकरूचा मालक होत नाही.

एक गोष्ट मात्र महाराष्ट्र शासनाला कोणत्याही कंपनीची वाट न पाहता करता येण्याजोगी आहे. शाळा, महाविद्यालये आणि स्थानिक संस्था यांच्यासाठी संगणक व सॉफ्टवेअर खरेदीच्या ज्या निविदा निघतात, त्यांत तीन अटी घालाव्यात. विकलेला संच देखभालीची मुदत संपल्यावरही, शेवटच्या दुरुस्तीसह, होकाराशिवाय पुन्हा बसवता आला पाहिजे. किल्ल्यांची नोंद संस्थेच्या जडवस्तूंच्या नोंदवहीत, खुर्च्या-टेबलांच्या रकान्याशेजारी, झाली पाहिजे. आणि कायम जपायचे दस्तऐवज युनिकोड मराठीत व मुक्त प्रकारच्या फाइलीत ठेवले पाहिजेत. जुन्या फाँटांतील दप्तराच्या रूपांतरासाठी स्वतंत्र तरतूद लागेल; ते काम सुट्टीत, मानधन देऊन, मराठी नीट वाचता येणाऱ्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. ऑफिस २०२१ या संचाच्या देखभालीची मुदत १३ ऑक्टोबर २०२६ ही ठरलेली आहे. ज्या कार्यालयांनी तो घेतला त्यांनी किल्ली कोणत्या कपाटात आहे एवढे तरी आजच पाहून ठेवावे.